वनौषधींवरील शुल्क आणि मावळचा शेतकरी

औषधी वनस्पती व त्यांपासून होणारी चूर्णे, आसवे, तेले, लेप इत्यादी माल ह्यांवर सरकारने देखरेख ठेवावी काय, ठेवल्यास तिचा खर्च कोणी सोसावा, आणि ज्या रानातून हा माल येतो त्या रानाच्या राखणदारास त्यातून काही मिळावे काय, असे तीन प्रश्न सांप्रत आपल्या देशात व परदेशातही चर्चिले जात आहेत. आपल्या मावळातील पुष्कळ शेतकरी बंधूंची समजूत अशी दिसते की, हा वाद कारखानदार आणि सरकार ह्यांच्यामधला आहे. आपण भात लावावा, दूध घालावे, आणि दोन पैसे गाठीला राहिले तर पाहावे. ही समजूत आम्हांस घातक वाटते. शुल्क वर कोठेही बसवा, त्याचा ओघळ उताराकडेच धावतो; आणि ह्या धंद्यात उताराचे शेवटचे टोक म्हणजे आपला बांध व आपले रान हेच होय. सबब ह्या विषयाची सांगोपांग माहिती वाचकांपुढे ठेवून आमचे मत निवेदन करण्याचे योजिले आहे.

प्रथम आपल्या प्रांताचा ह्या मालाशी संबंध किती तो पाहू. आंदर, नाणे व पवन ही तिन्ही मावळे आणि लोणावळे-राजमाचीकडील घाटमाथा येथे हिरडा, बेहडा, शिकेकाई, गुळवेल, अडुळसा, निर्गुडी, कुडा, करंज ह्या वनस्पती कोणी न लावता उगवतात. हिरड्याचे मुख्य आगर भीमाशंकराच्या बाजूस जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत आहे. मावळात तो त्यामानाने थोडा. तथापि सह्याद्रीच्या ह्या सर्व पट्ट्यात हिरडा व बेहडा हे ओळखीचे वृक्ष असून, आवळ्याशी त्यांची जोड घातली की त्रिफळा होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. इंग्रजी अमदानीत हिरडा मुख्यतः कातडी कमावण्यासाठी मुंबई बंदरातून परदेशी जात असे. आज त्याची मागणी औषधांसाठीही मोठी आहे. उन्हाळ्यात कोवळ्या फळांचा बाळहिरडा आणि हिवाळ्यात पिकला हिरडा, अशी त्याची दुहेरी वेचणी होते. वेचणारे हात बहुधा महादेव कोळी, ठाकर व कातकरी बंधुभगिनींचे असतात. झाडे काही सरकारी रानात, तर काही आमच्या-तुमच्या मालकीच्या माळावर व बांधावर असतात.

मालकीच्या झाडासंबंधी एक गोष्ट येथेच सांगणे इष्ट आहे. वृक्षतोडीचे नियमन करणाऱ्या 1964 च्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या अनुसूचीत हिरड्याचे नाव आहे. म्हणजे आपल्या सातबाऱ्यातील हिरडादेखील परवानगीवाचून तोडता येत नाही. झाड राखण्याचे बंधन अशा रीतीने शेतकऱ्यावर आहेच; त्या झाडापासून होणाऱ्या उत्पन्नाचा वाटा मात्र कोणी राखून ठेवलेला नाही. जमिनीचे तुकडे पाडून बंगलेवाल्यांस विकण्याची लाट लोणावळ्यापासून पवनेच्या काठापर्यंत पसरली आहे. तीत जे झाड चार पैसे देत नाही ते टिकणे कठीण, हे कोणीही कबूल करील. सारांश, हिरड्यास भाव मिळतो की नाही हा प्रश्न मावळात झाड राहते की नाही ह्या प्रश्नाशी जखडलेला आहे, आणि म्हणूनच शुल्काचा विचार आपण केला पाहिजे.

आता शुल्क म्हणजे काय ते पाहू. कर आणि शुल्क ह्यांत भेद आहे. कराच्या बदल्यात अमुकच मिळेल असे कोणी वचन देत नाही. शुल्काच्या बदल्यात मात्र काही विशिष्ट काम झाले पाहिजे. म्हणून कोणत्याही शुल्काविषयी तीन प्रश्न विचारावेत: ते कशाबद्दल आहे, कोणाकडून घेतले जाते, आणि जमा झालेला पैसा जातो कोठे? महसूल खात्याच्या कागदांत आमची उमर गेली, त्या अनुभवावरून ह्यास चौथा प्रश्न जोडतो: ते भरण्यास खेपा किती पडतात? फीचा आकडा हा तिचा संपूर्ण भार कधीच नसतो. दहा रुपयांच्या दाखल्यासाठी तालुक्याच्या गावी दोन खेपा पडल्या, तर दोन दिवसांची मजुरी बुडते आणि गाडीभाडे वेगळेच. मोठ्या कारखान्यात ह्या खेपांसाठी पगारी माणूस असतो. लहान मनुष्य आपले काम टाकून स्वतः जातो.

देखरेखीचे शुल्क आणि साधनसंपत्तीचे शुल्क असे ह्या मालावरील शुल्काचे दोन वर्ग पडतात. पैकी पहिल्याचा विचार आधी करू. औषध म्हणून माल विकावयाचा तर परवाना पाहिजे, जागा पाहिजे, तपासणी पाहिजे. आपल्याकडे 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदीय व युनानी औषधांचे प्रकरण 1964 साली घालण्यात आले, आणि पुढे 2000 साली कारखाना कसा असावा ह्याचे नियम परिशिष्ट ‘टी’मध्ये आले. त्यांत आयुर्वेदीय औषधे करणारास 1200 चौरस फूट झाकलेली जागा लागते. म्हणजे एखाद्या वाडीतील बायकांनी एकत्र येऊन त्रिफळा चूर्ण औषध म्हणून विकावयाचे मनात आणले, तर परवान्याच्या फीपूर्वी ही जागाच त्यांची वाट अडविते. तोच हिरडा कच्चा विकावयास परवाना लागत नाही. त्यामुळे चूर्णाचा नफा शहरात जातो आणि कच्च्या मालाचा भाव तेवढा रानात राहतो.

एकाच आकड्याच्या शुल्कात अन्याय कसा शिरतो तो हिशेबाने पाहावा. समजा, एका औषधाच्या नोंदणीस दहा हजार रुपये ठेवले. जो वर्षास पाचशे डब्या विकतो त्यास दर डबीमागे वीस रुपये पडतील. जो पाच लक्ष डब्या विकतो त्यास दोन पैसे. दोघांचे चूर्ण एकच, हिरडाही कदाचित एकाच झाडाचा. परंतु पहिल्यास धंदा बंद करावा लागेल, आणि दुसऱ्यास एक प्रतिस्पर्धी कमी झाल्याचा आनंद होईल. पुढे जेव्हा माल घेणारे दोन-तीनच उरतात तेव्हा भाव ते ठरवितात, वेचणारा ठरवीत नाही. शुल्क कारखान्याच्या दारावर भरले गेले तरी त्याची झळ वाडीत लागते ती अशी.

परदेशातही हेच वाद चालले आहेत. कॅनडाच्या आरोग्य खात्याने 2023 च्या मे महिन्यात नैसर्गिक आरोग्यद्रव्यांवर, म्हणजे जीवनसत्त्वे, वनौषधी व तत्सम मालावर, शुल्क बसविण्याचा मसुदा प्रसिद्ध केला. नव्या मालाच्या अर्जाची तपासणी, कारखान्याचा परवाना, आणि माल बाजारात ठेवण्याचा वार्षिक हक्क, अशा तिन्ही पायऱ्यांवर फी घेण्याचे त्यात योजिले होते. देखरेखीचा खर्च सर्वसामान्य करदात्याने का सोसावा, ज्यास नफा त्याने भरावा, असे सरकारचे म्हणणे होते. लहान धंद्यांस सूट देण्याचीही योजना होती. तरीसुद्धा लहान दुकानदार व कारखानदार ह्यांनी मोठी ओरड केली, की अशाने कित्येक माल बाजारातून उठेल. युरोपात ह्याहून आधी, 2004 च्या निर्देशानुसार, पारंपरिक वनौषधींस नोंदणी आवश्यक ठरली. त्यासाठी तीस वर्षांच्या वापराचा, त्यांपैकी पंधरा वर्षे युरोपातील वापराचा, पुरावा मागण्यात आला, आणि 2011 च्या एप्रिलअखेर सवलतीची मुदत संपली. आपल्या वैद्यकात हजारो वर्षे वापरलेली वस्तू असली, तरी युरोपातील पंधरा वर्षांचा कागद नाही म्हणून तिचा तेथील मार्ग अवघड झाला.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, तर मग शुल्क नकोच, देखरेखही नको. रानाचा माल आहे, तो देवाने दिला आहे. हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. देखरेखीवाचून ह्या धंद्याचे जे होते तेही जगाने पाहिले आहे. 2004 साली अमेरिकेत बोस्टन शहराच्या दुकानांतील दक्षिण आशियात तयार झालेल्या आयुर्वेदीय औषधांची तपासणी एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. 70 पैकी 14 औषधांत शिसे, पारा किंवा सोमल ह्यांचा अंश आढळला. त्यानंतर आपल्या सरकारने निर्यातीच्या वनौषधींस जड धातूंची तपासणी 2006 च्या आरंभापासून सक्तीची केली. चौदांच्या दोषाने सर्वांचे नाव खराब होते, आणि नाव खराब झाले की भाव पडतो. भेसळीचेही तसेच. निर्भेळ माल निवडून वाळविणारास आणि वाटेल तो पाला-कचरा मिसळून विकणारास बाजारात एकच भाव मिळत असेल, तर निवडण्याचे श्रम कोण घेईल? तपासणी हा प्रामाणिक शेतकऱ्याचा कैवारी आहे. तिला पैसा लागतो, आणि तो कोठून तरी आला पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, तो विक्रीच्या प्रमाणात घ्यावा, एकाच ठराविक आकड्याने घेऊ नये. आणि लहान संघांस चूर्णे कुटण्यासाठी व तपासण्यासाठी तालुक्यागणिक एखादी सामाईक जागा असावी, म्हणजे 1200 चौरस फुटांची अट दहा वाड्यांनी मिळून एकदाच पुरी केली असे होईल.

आता दुसऱ्या वर्गाच्या शुल्काकडे वळू. आपला निकट संबंध ह्याच्याशीच आहे. 2002 च्या जैविक विविधता कायद्याने असे तत्त्व घालून दिले की, जो कोणी रानातील वनस्पतीवर वा लोकांच्या ज्ञानावर धंदा करतो, त्याने आपल्या लाभाचा अंश ती वनस्पती राखणाऱ्यांस द्यावा. त्यासाठी चेन्नई येथे राष्ट्रीय प्राधिकरण, आपल्या राज्यात नागपूर येथे जैवविविधता मंडळ, आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती, अशी रचना आहे. 2014 साली दर ठरले: कारखान्यातील वार्षिक विक्री एक कोटीपर्यंत असल्यास शेकडा 0.1, तीन कोटीपर्यंत 0.2, त्यापुढे 0.5. ह्यावर मोठे वादळ झाले. आम्ही देशी आहोत, हा अंश विदेशी कंपन्यांनीच द्यावयाचा आहे, असे हरिद्वारच्या दिव्य फार्मसीने उत्तराखंडाच्या उच्च न्यायालयात मांडले. परंतु 21 डिसेंबर 2018 च्या निकालाने न्यायालयाने ते फेटाळले, आणि देशी कंपन्यांनीही राखणदारांस वाटा दिला पाहिजे असे ठरविले.

त्यानंतर 2023 साली कायद्यात दुरुस्ती झाली व ती 1 एप्रिल 2024 पासून अमलात आली. 2025 च्या एप्रिलमध्ये नवे दर जाहीर झाले. त्यांप्रमाणे वार्षिक उलाढाल पाच कोटीपर्यंत असल्यास काही द्यावयाचे नाही. पन्नास कोटीपर्यंत शेकडा 0.2, अडीचशे कोटीपर्यंत 0.4, आणि त्यावर 0.6. ही रचना विक्रीच्या प्रमाणात आहे व लहानास सोडणारी आहे, म्हणून तिचे आम्ही स्वागत करतो. ह्या दराने धंदा बुडेल असे जे म्हणतात त्यांनी हिशेब मांडावा. शंभर रुपयांच्या डबीमागे वीस पैसे, आणि सर्वांत मोठ्या कारखान्यास साठ पैसे! डबीवरील रंगीत कागदास ह्याहून अधिक खर्च येत असेल.

मग अडचण कोठे आहे? ती वाट्याच्या आकड्यात नाही, वाट्यातून निसटण्याच्या दारांत आहे. 2023 च्या दुरुस्तीने दोन मोठ्या सवलती दिल्या आहेत. ग्रंथांत नमूद असलेले पारंपरिक ज्ञान, आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पती व त्यांचा माल, ह्यांस राज्य मंडळाकडे आगाऊ कळविण्याच्या बंधनातून वगळले आहे. वैद्य, हकीम व नोंदणीकृत चिकित्सक ह्यांनाही मोकळीक आहे. ती योग्यच आहे. गावच्या वैदूने पाला आणला तर त्याच्यामागे कोणी कागद घेऊन लागू नये. परंतु पहिल्या सवलतीविषयी अनेकांनी शंका घेतली आहे, व ती आम्हांस रास्त वाटते. उद्या मोठा कारखानदार म्हणेल की त्रिफळ्याचे ज्ञान तर जुन्या ग्रंथांतच आहे. आम्ही कोणाचे काय देणे लागतो? ज्ञान ग्रंथातले असेल. पण फळ ग्रंथात पिकत नाही. ते झाडावर पिकते, आणि झाड कोणी तरी राखावे लागते. कायदा राबविणारांनी ज्ञानाची सवलत फळास लागू होऊ देऊ नये, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

दुसरी सवलत लागवडीच्या मालाची. तिच्यासाठी गावच्या जैवविविधता समितीकडून उगमाचा दाखला घ्यावयाचा आहे. ही सवलत शेतकऱ्यास फायद्याची आहे, परंतु दाखला देणारी समिती कागदावरच असेल तर सवलतही कागदावरच राहील. व्यापारी म्हणेल, दाखला आणा, नाही तर भाव कमी घ्या. शिवाय मावळात एक निराळाच प्रश्न उभा राहील. बांधावरचा हिरडा कोणी लावला? तो पाखराने टाकलेल्या बीपासून उगवला, आजोबांनी राखला, वडिलांनी त्याच्याभोवतीचे काटेकुटे काढले. त्यास लागवड म्हणावे की रान? ह्याचे उत्तर गावच्या दप्तरात आजच नोंदले नाही, तर उद्या ते दुसरा कोणी आपल्या सोयीने देईल.

वाटा खरोखर मिळू शकतो काय, असा संशय कोणास येईल, म्हणून एक उदाहरण देतो. केरळातील अगस्त्य डोंगरात कणी नावाचे आदिवासी लोक राहतात. थकवा घालविण्यासाठी ते ‘आरोग्यपाच’ नावाच्या एका वनस्पतीची फळे खात. तेथील वनस्पतिशास्त्रीय संशोधन संस्थेने ह्या ज्ञानावरून ‘जीवनी’ हे औषध तयार केले, आणि 1995 साली ते करण्याचा परवाना एका आयुर्वेदीय औषधशाळेस दहा लक्ष रुपये व विक्रीवर शेकडा दोन, अशा बोलीने सात वर्षांसाठी दिला. ह्या उत्पन्नाचा निम्मा भाग कणी लोकांस देण्याचे ठरले, व त्यासाठी 1997 मध्ये त्यांचा विश्वस्त मंडळ स्थापन झाला. पुढे वनस्पती गोळा करण्यास वनखात्याची हरकत आली व काम अडखळले, हेही सांगितले पाहिजे. ह्यावरून दोन बोध घ्यावेत. वाटा मागता येतो, व मिळतोही. मात्र घेणारांची संघटना नसेल आणि रानाचा हक्क निश्चित नसेल, तर तो मध्येच आटतो.

आता मावळच्या ग्रामपंचायतींपुढील प्रत्यक्ष प्रश्न. 2002 च्या कायद्याच्या 41 व्या कलमाने गावच्या समितीस असा अधिकार दिला आहे की, तिच्या हद्दीतून धंद्यासाठी वनस्पती गोळा करणारावर तिने संकलन शुल्क बसवावे. हा अधिकार फार थोड्यांस ठाऊक आहे, आणि ठाऊक झाल्याबरोबर त्याचा दुरुपयोग होण्याचे भय आहे. पंचायतीची तिजोरी रिकामी असते. हाती शुल्काचा अधिकार आला की पहिला विचार सोप्या सावजाचा होतो, आणि सर्वांत सोपे सावज म्हणजे डोक्यावर पाटी घेऊन येणारी ठाकरीण वा कातकरीण. असे होता कामा नये. वनहक्क कायद्याखालील नियमांत 2012 साली दुरुस्ती होऊन, गौण वनोपजाच्या वेचणीवर स्वामित्वधन, फी वा अन्य आकार घेऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. 2006 च्या त्या कायद्याने परंपरेने वेचणारांस त्या मालाची मालकीच दिली आहे. पुणे जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्रात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील गावे मोडतात. मावळ त्यात नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांचे विशेष अधिकार आमच्या वाड्यांस नाहीत, आणि म्हणून येथे अधिक सावध राहिले पाहिजे.

मग शुल्क घ्यावे कोणाकडून? बाहेरून येऊन घाऊक खरेदी करणाऱ्या व्यापाऱ्याकडून, आणि तेही वजनावर, खरेदीच्या जागी, छापील पावती देऊन. वेचणारणीकडून एक पैसाही घेऊ नये. पण एवढ्याने काम भागत नाही. व्यापारी ते शुल्क भावातून कापून घेईल. उन्हाळ्यात वाळविलेला बाळहिरडा पावसापूर्वी विकणे वेचणारास भाग असते; मावळच्या पावसात साठविला तर त्यास बुरशी येते, आणि बी-बियाण्यास पैसा त्याच वेळी लागतो. अशा अडलेल्या माणसावर शुल्काचा बोजा ढकलणे व्यापाऱ्यास सहज साधते. ह्यावर आम्हांस दोनच उपाय दिसतात. एक, शुल्क एकट्या गावाने ठरवू नये. एका खोऱ्यातील सर्व गावांनी एकच दर ठरवावा, म्हणजे व्यापारी शेजारच्या गावी जाऊन दोन्ही गावांस खेळविणार नाही. दुसरा, माल कोरडा ठेवण्यास सामाईक कोठार असावे. आमच्या संघाच्या भाताच्या गोदामांचा एक कोपरा ह्या कामी सहज देता येईल. माल दोन महिने थांबू शकला, की शुल्क कोणाच्या खिशातून जाते हे ठरविण्याची ताकद विकणारास येते.

जमा झालेल्या पैशाचा विनियोगही आधीच ठरला पाहिजे. तो गटारे व दिव्यांच्या खर्चात मिसळला तर संपलाच. हिरड्याचा पैसा हिरड्यास: नवी रोपे, वणव्यापासून रान राखणाऱ्यांची मजुरी, आणि वाळविण्याचे ओटे. जमाखर्च वर्षातून दोनदा ग्रामसभेत वाचून दाखवावा. शुल्काचा एक हेतू झाड वाचविण्याचाही आहे, हे विसरू नये. सह्याद्रीतील नरक्या ह्या वनस्पतीची दैना सर्वांस माहीत असावी. कर्करोगावरील औषधाचे द्रव्य तिच्यात सापडले, मागणी वाढली, आणि कोणाची देखरेख नसल्याने झाडे मुळासकट उपटून चोरट्या मार्गाने नेण्यात आली. भाव मिळाला, पण झाड गेले. असल्या भावाचा उपयोग काय?

आता आम्हा खातेदारांच्या कर्तव्याविषयी. गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवह्या पाहाव्यात. ह्या कल्पनेस आकार देण्यात पुण्याचे शास्त्रज्ञ माधव गाडगीळ ह्यांचा मोठा वाटा होता. गावच्या लोकांनी स्वतः बसून आपली झाडे, वेली, बियाणी व त्यांचे उपयोग लिहून ठेवावेत, असा तिचा हेतू. परंतु राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातल्यावर देशभर ह्या वह्या घाईने पुऱ्या करण्यात आल्या. आपल्या गावची वही मागवून घ्यावी, वाचावी, आणि तीत आपल्या शिवारातील झाडे नसतील तर समितीस लेखी कळवून ती चढवावीत. तसेच 2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पिकांबरोबर बांधावरची झाडेही शेतकऱ्यास स्वतः नोंदविता येतात. भात आणि सोयाबीन नोंदवून आपण थांबतो. हिरडा, बेहडा, आवळा हेही नोंदवावेत. पुढे उगमाच्या दाखल्याचा वाद पडला, तर दहा तोंडी साक्षींपेक्षा ती एक नोंद अधिक उपयोगी पडेल. दाखल्यास फी असू नये, व तो ठराविक दिवसांत मिळावा, असा ठराव प्रत्येक ग्रामसभेने करावा.

शेवटी एक कटू गोष्ट सांगणे प्राप्त आहे. आपण सरकारकडे न्याय मागतो, कारखानदाराकडे वाटा मागतो. परंतु आपल्या बांधावरचा हिरडा वेचणाऱ्या बाईस आपण काय देतो? दिवसभर काट्यांत हिंडून तिने वेचलेल्या मालाचा मोबदला कित्येक ठिकाणी चहा-भाकरीवर भागविला जातो, आणि वजन मालकाच्या सांगण्याने ठरते. झाड आमचे हे खरे, पण माल तिच्या हाताने होतो. जो आपल्याखालच्यास वाटा देत नाही, त्याने वरच्याकडे वाट्याची मागणी करावी हे शोभत नाही. मालकीच्या झाडांच्या वेचणीत वेचणारास किती भाग, हे वाडीतल्या लोकांसमोर ठरवून तोच दर गावभर पाळावा. असे केले तर ठाकर, कातकरी आणि कुणबी एका बाजूस उभे राहतील. न केले तर व्यापारी त्यांस आपल्याविरुद्ध आणि आपणांस त्यांच्याविरुद्ध सहज उभे करील.

लोणावळ्यास आरोग्यार्थ येणारा मनुष्य काही आजचा नाही. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये तेथे कैवल्यधाम स्थापिले, तेव्हापासून योग व निसर्गोपचार ह्यांसाठी हे ठिकाण विख्यात आहे. मुंबई-पुण्याचे हजारो लोक आपल्या दारावरून जातात आणि शहरातून आलेले चूर्ण, शहरातून आलेले तेल विकत घेतात. त्यातील हिरडा कदाचित आपल्याच डोंगरातला असतो. माल आपला, गिऱ्हाईक आपल्या दारात, आणि मधला सर्व लाभ परक्याचा, ही स्थिती पालटावयाची असेल तर शुल्काच्या नावाने भिऊन किंवा चिडून चालणार नाही. मोठ्यावर प्रमाणात, लहानास माफ, वेचणारास पूर्ण मोकळीक, आणि जमा पैसा रानाकडे परत, ह्या चार कलमांवर आपण ठाम राहावे. येत्या ग्रामसभेत प्रत्येक सभासदाने जैवविविधता समितीची यादी, तिची नोंदवही आणि तिचा जमाखर्च मागावा. समिती बसली नसेल तर ती बसवून घ्यावी. हे काम पेरणीपूर्वी झाले, तर पुढल्या हिरड्याच्या हंगामास आपण तयार असू.